बारा शब्दांची मुदत

रविवार, ५ जानेवारी १९९७, लातूर

उर्वीने आज सायंकाळपर्यंत एकही शब्द उच्चारलेला नाही. या वृत्तास घरकामाच्या कोंडाबाईंनी दुजोरा दिला. "न्हाई बोलली तर न्हाई बोलली, दादा. लेकरू हाय ते. रेडिओ हाय का, कान पिळला की सुरू व्हायला?" असं म्हणून त्या भाकरी थापायला मागच्या अंगणात निघून गेल्या.

दैनिकातली दहा वर्षांची नोकरी सोडून आठ महिने झाले, तरी लिहायला बसलो की पहिलं वाक्य असंच पडतं. असो. ही वही उर्वीच्या प्रगतीची आहे. तिला वर्ष पूर्ण होऊन सोळा दिवस झाले.

उर्वीची आई, देविका, दुपारच्या बसनं नांदेडला गेली. ती तिथं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. एरवी शनिवारी येते, रविवारी जाते; आता डबल ड्यूटीमुळे सहा आठवडे सुटी नाही. उर्वी इथं माझ्याकडे, माझ्या आईकडे आणि कोंडाबाईंकडे. आजपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. आज निघायच्या आधी देविकानं तिची कात्रणांची वही उघडली. लग्नाआधीपासूनची वही. लोकरीचे नमुने, लोणच्यांच्या कृती, आणि मधेच एक पिवळं पडलेलं कात्रण: 'बाळाचे पहिले बारा शब्द. एक वर्षाच्या मुलांसाठी गमतीचे खेळ. आमच्या बालविकास तज्ज्ञाकडून.' खाली चौकटीत एकाखाली एक बारा शब्द आणि सूचना: 'वर्ष पूर्ण होताना बाळाला किमान बारा शब्द यावयास हवेत. न आल्यास पालकांनी गांभीर्याने विचार करावा.'

"बारा, अहो. आपल्याकडे शून्य."

मी म्हणालो, पेपरात काहीही येतं.

"तुमच्याच पेपरातलं आहे. म्हणजे खोटं नसणार." मग तिनं मुदत दिली. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी पंधरा फेब्रुवारीला, ती येणार. एक दिवस उशिरा का होईना, उर्वीचं बोरन्हाण करायचं. तोवर बारा नाही तरी सहा शब्द झाले पाहिजेत. नाहीतर ती उर्वीला नांदेडला नेणार. तिची आई मुखेडला मुलाकडचं बाळंतपण आटपून तोवर मोकळी होतेच आहे.

उर्वी इथून जाणार नाही. एक्केचाळीस दिवस आहेत. मी याहून कमी वेळात दिवाळी अंक काढलेला आहे.

सोमवार, ६ जानेवारी

वेळापत्रक तयार. लातूरमध्ये राहायचं आणि वेळापत्रक करायचं नाही, म्हणजे नदीकाठी राहून पोहायला न येणं. रोजचा सराव, आठवड्याला चाचणी, चुकलेल्याची उजळणी. ज्या पद्धतीनं बारावीची मुलं नव्वद टक्के काढतात, त्या पद्धतीनं एक मूल सहा शब्द काढणार नाही?

तज्ज्ञानं सात खेळ दिले आहेत. टाळ्यांचं गाणं, भॉक करणे, भांडी रचून पाडणे, डब्यात वस्तू टाकून खुळखुळवणे, चेंडू, आरसा आणि चित्रं दाखवून नावं सांगणे. पहिले चार आपल्याकडे शक्य नाहीत, कारण आवाज. आमचा पुढचा हॉल म्हणजे जूनपासून अभ्यासिका आहे. बारावीची चौदा मुलंमुली सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत बसतात. भिंतीवर मी स्वतः रंगवलेली लाकडी पाटी आहे: 'येथे शांतता हाच अभ्यास.' घरानंही ती पाळली आहे. रेडिओ बंद, कुकर बंद, डाळ पातेल्यात शिजते. उर्वीनंसुद्धा साथ दिली. सहाव्या महिन्यापासून ती रडू आलं तरी तोंडावर हात धरून रडते. मुलांचे वडील येतात तेव्हा कौतुक करतात.

भांडी पाडण्याला आणखी एक अडचण. आईची उतरंड. भूकंपाच्या रात्री आई गणपतीसाठी औसा तालुक्यात मावशीकडे गेली होती. ती वाचली. मावशी नाही. तेव्हापासून आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर उतरंड लावते. खाली पितळी गंज, त्यावर तांब्या, त्यावर फुलपात्र, त्यावर वाटी, वाटीत चमचा. जमीन हलली तर ती पडेल आणि आपण पळू. त्या दिवसांत लातुरात घरोघरी होती. बाकीच्यांची केव्हाच मांडणीवर गेली, आमची अजून उंबऱ्याशी आहे.

तर उरले तीन खेळ. चेंडू कापडी घेतला आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

गंजगोलाईच्या बाजारातून चित्रकार्डांचा संच आणला. उर्वीनं कमळ खाल्लं. अर्धं काढून घेतलं.

रविवार, १२ जानेवारी

पहिली चाचणी. दहा वस्तू, दहा गुण. मिळाले शून्य. आरसा दाखवला तर ती आरशाच्या मागं काय आहे ते बघायला गेली. चेंडू टाकला तो तिनं आणून दिला, पण 'चेंडू' म्हणाली नाही. आंब्याच्या चित्राला तिनं बोट लावलं आणि माझ्याकडे बघून ओठ हलवले. आवाज नाही. बहुधा जांभई.

सात वाजता देविकाचा फोन. फोन हॉलमध्ये असल्यानं मी हळूच बोलतो.

"मोठ्यानं बोला ना! दिवसभर मी अख्ख्या जिल्ह्याचं ऐकते, माझ्याच घरचं ऐकू येत नाही."

मी सांगितलं की गणितवाले बसलेत. मग उर्वीच्या कानाला रिसीव्हर लावला. तिकडून देविका "उर्वी, आई म्हण, आ-ई," असं दोन मिनिटं म्हणत होती. उर्वीनं रिसीव्हरकडे बघितलं, हॉलकडे बघितलं आणि आपलं बोट ओठांवर ठेवलं. पोरगी गोड आहे. पण ही खूण तज्ज्ञाच्या यादीत नाही. धरता येत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

सकाळी सव्वादहाला उर्वीनं उतरंड पाडली. गंज घरंगळत हॉलच्या दारापर्यंत गेला. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "पळा!" आणि चौदाच्या चौदा मुलं बाहेर. यातली निम्मी मुलं औसा-निलंगा भागातली. त्यांना कारण विचारायची सवय नाही. एकानं पायरी चुकवली, घोटा मुरगळला. शेजारचे व्यंकटी शिंपी तोंडाला दाढीचा फेस लावून गल्लीत उभे.

सगळे परत बसायला चाळीस मिनिटं गेली. मी आईला स्पष्ट सांगितलं की उतरंड दिवसा लावायची नाही. भांडी कपाटात. लावायचीच तर निजताना लाव, सकाळी सात वाजता उचल.

"दिवसा भूकंप होत नाही का रे?"

"दिवसा आपण जागे असतो, आई."

"मग तू जागा राहा." एवढं म्हणून तिनं तिळगूळ माझ्या हातावर न देता पाटावर ठेवला.

कोंडाबाई म्हणाल्या, "दादा, येक बोलू? लेकराचं पैलं हसू आज ऐकलं म्या. भांडं पडल्यावर." ऐकलं असेल. मी त्या वेळी गल्लीत मुलं मोजत होतो.

मंगळवार, २१ जानेवारी

काही किरकोळ त्रासदायक बाबी नोंदवून ठेवतो.

एक, आईची नजर अधू होत चालली असावी. काल निजताना तिनं लावलेल्या उतरंडीत फुलपात्र खाली आणि तांब्या वर होता. सव्वातीन वर्षांत असं झालं नव्हतं. परवा वाटी उपडी. आणि फुलपात्राला पोचे आले आहेत. डॉक्टरांना दाखवायला हवं.

दोन, मागच्या अंगणात रोज दुपारी वाकळ अंथरलेली असते, आणि धूळमाती लागून तशीच पडलेली असते. कोंडाबाई म्हणतात, वाळत घातली. दोरीवर का नाही? "जमिनीवर बी वाळती."

तीन, लुंबिनी. मुखेडची. वडील आनंदराज पोस्टात आहेत, मोठ्या आशेनं त्यांनी तिला इथं ठेवलं. हुशार मुलगी, पण रोज चार वाजता उठते ती वीस मिनिटं जागेवर नसते. विचारलं तर, "पाणी प्यायला, सर." वीस मिनिटं पाणी!

चार, उर्वी साडेचारला गाढ झोपते. त्यामुळे पाच वाजताचा चित्रांचा तास बुडतो.

रविवार, २६ जानेवारी

तिसरी चाचणी. शून्य. आता ती कार्डं दिसली की पाठ फिरवते. पाठ फिरवणं हा नकार धरला तर तो एक शब्द धरता येईल का, असा विचार मनात आला. अशाच विचारांनी पेपर बदनाम होतात.

चालायला मात्र लागली आहे. नुसती चालत नाही, पळते. नेहमी एकाच दिशेला, अंगणाच्या दाराकडे. धरून आणावं लागतं.

शनिवार, १ फेब्रुवारी

देविकाची डबल ड्यूटी सुरूच. फोनवर तिनं विचारलं, "किती झाले?"

मी म्हणालो, प्रगती आहे.

"अहो, तुम्ही बातमीदार होतात का पुढारी? आकडा सांगा."

"शून्य."

मग ती म्हणाली, "आज इथं एका बाईचा कॉल जोडला. तिचं लेकरू फोनवर नुसतं बडबडून राहिलं होतं, अर्थ ना बिर्थ. नियमात बसत नाही, पण मी लाइन सोडून नाही गेले. ऐकत बसले." मग पुन्हा नेहमीच्या आवाजात: "पंधराला उर्वीचे कपडे भरून ठेवा."

मला राग आला. मी इथं रोज तीन तास देतो आहे. तज्ज्ञानं सांगितलं ते सगळं करतो आहे. त्या तज्ज्ञालाच भेटलं पाहिजे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज कात्रण घेऊन जुन्या कार्यालयात गेलो. मुद्रितशोधक गुरुबसप्पा खिडकीशी तसेच बसले होते, चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर. विचारलं, ऑक्टोबर त्र्याण्णवच्या महिला पुरवणीतला हा बालविकास तज्ज्ञ कोण, पत्ता मिळेल का?

त्यांनी कात्रण वाचलं. एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली. मग हसायला लागले. इतके हसले की आतून कंपोझिंगची मुलं बाहेर आली.

"या, या, बालविकास तज्ज्ञ! बसा. चहा घ्या."

मला उमगेना.

"रेणुकादासराव, हे तुम्हीच लिवलंय की. भूकंपाचा सहावा दिवस होता. पुरवणीच्या बाई मदत छावणीत गेलेल्या. पान चार वाजता छपाईला सोडायचं होतं. संपादक म्हणाले, दोन कॉलम काहीही द्या. तुम्ही पंचवीस मिन्टांत दिलात."

मी म्हणालो, शक्य नाही. तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. मूल कधी हातात घेतलं नव्हतं.

"म्हणून तर येवढं ठाम लिवलंय."

आणि मग आठवलं. पूर्ण नाही, कडेकडेनं. टेबलावरचा दिवा, शाईनं काळी झालेली बोटं. मी विचारलं, मग बारा? बारा कशावरून?

"चौकटीत बारा ओळी बसत होत्या. पैल्यांदा तुम्ही धाच शब्द दिले होते, दोन ओळी मोकळ्या राहिल्या. मीच म्हणालो, भरा." त्यांनी चष्मा खाली घेतला. "पाच दिवस आपण दोघं गावोगावच्या याद्या तपासत होतो. एकेका घरची आठ-आठ नावं. सहाव्या दिवशी तुम्ही हे आणून दिलंत. 'मामा', 'काका', 'चिऊ', 'भूर'... मी दोनदा वाचलं. चुका नव्हत्या, तरी वाचलं. बारा कशावरून, हे कोण विचारतो?"

निघताना म्हणाले, "आमचा धाकटा अडीच वर्षं नुसतं 'हूं हूं' करायचा. आता तहसीलसमोर वकिली करतोय. न्यायाधीश हात जोडतात, थांब म्हणून."

घरी येऊन कार्डं कपाटात टाकली. देविकाला सांगितलेलं नाही. सांगायचं तरी कसं? तुझ्या वहीत तीन वर्षं जपलेला तज्ज्ञ म्हणजे मी, आणि ज्यावरून तू पोरीला नेणार आहेस तो आकडा म्हणजे दोन मोकळ्या ओळी?

शिवाय, तज्ज्ञ खोटा निघाला म्हणून उर्वी बोलायला लागली असं नाही. मुदत आहे तशीच आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

अभ्यासिकेतील सराव परीक्षा आज सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी अर्ध्यावर बंद पडली.

जीवशास्त्राचा पेपर. मी हॉलमध्ये पर्यवेक्षक. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आई देवपूजेला बसली होती, कोंडाबाई दळण घेऊन नुकत्याच आल्या होत्या. अचानक स्वयंपाकघरात भांडी कोसळल्याचा आवाज आणि पाठोपाठ कुणीतरी ओरडलं, "पळा!" बारीक आवाज होता, पण खणखणीत. पुढचं सांगायला नको. प्रश्नपत्रिका हवेत, चौदा मुलं गल्लीत, व्यंकटी शिंपी कात्रीसकट गल्लीत, समोरच्या क्लासची साठ मुलं तीही गल्लीत. भूकंप नव्हता. कलेक्टर कचेरीत फोन करून खात्री केली.

उर्वी सगळ्यांच्या आधी मागच्या अंगणात होती. कुणीतरी तिला उचलून नेलं असावं. गर्दीचा गलका ऐकून टाळ्या वाजवत होती. लहान मुलांना प्रसंगाचं गांभीर्य नसतं.

ओरडलं कोण, हे शोधून काढणार.

सोमवार, १० फेब्रुवारी

चौकशी.

आई: "मी नाही. मी देवापाशी होते. माझ्या तोंडात मंत्र होता." भांडी कपाटाबाहेर कशी आली, असं विचारलं तर ती निरांजन पुसायला लागली.

कोंडाबाई: "कोन वरडलं ते कशाला इचारता दादा, समदे पळाले न्हवं? काम झालं." हसत होत्या. यात हसण्यासारखं काय?

लुंबिनी स्वयंपाकघराच्या दाराला लागून बसते. आवाज मुलीचा होता. मी विचारलं, "तू ओरडलीस?"

"नाही, सर."

"मग कोण?"

"मला नाही सांगता येणार."

हा उद्धटपणा आहे. मी म्हणालो, परवापर्यंत सांग, नाहीतर वडिलांना मुखेडहून बोलावून घे. पंधरा दिवसांवर बोर्ड आहे आणि तुझ्यामुळे तेरा जणांचा पेपर गेला. तिचे डोळे भरले. जागेवर जाऊन पुस्तक उघडून बसली. उर्वी दुडुदुडु तिच्या पायाशी गेली आणि तिचा पैंजण ओढत बसली. लुंबिनीनं पाय मागं घेतला आणि बोट ओठांवर ठेवून तिला परत पाठवलं. निदान एवढी शिस्त आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

चार वाजता मी हॉलमध्ये उभा राहून म्हणालो, लुंबिनी, वडिलांना पत्र लिहिलंस का? तोच आई दारात आली. अभ्यासिका सुरू झाल्यापासून आई हॉलमध्ये कधी मोठ्यानं बोलली नव्हती. आज बोलली.

"रेणू, त्या पोरीला एक शब्द बोलायचा नाही. चल माझ्याबरोबर. लुंबिनी, तू पण ये, तुझी वेळ झालीय."

मागच्या अंगणात वाकळ अंथरलेली होती. कोंडाबाईंनी पदराखालून गंज काढला, आईनं कमरेचा तांब्या, लुंबिनीनं दप्तरातून फुलपात्र. वाटी उर्वीकडेच होती. मी बघत राहिलो. आई वाकळीवर बसली आणि उतरंड लावायला लागली. आई नव्हे, उर्वी लावत होती, आई फक्त धरत होती. फुलपात्र खाली, तांब्या वर, जसं तिच्या मनाला येईल तसं. मग उर्वीनं मागं सरून आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं, पुढं झाली, आणि एक फटका. वाकळीवर भांड्यांचा धप्प असा दबका आवाज.

"पला!"

स्वच्छ. मोठ्यानं. दोन्ही हात वर करून ती भिंतीकडे पळाली. तिच्यामागं लुंबिनी, लुंबिनीमागं कोंडाबाई, आणि गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणारी माझी आई. भिंतीला हात लावून सगळ्या परत. उर्वी वाटी उचलून आईपुढं धरते: "पुना."

"केव्हापासून?" मी विचारलं.

"संक्रांतीपासून," लुंबिनी म्हणाली. "म्हणजे खेळ. शब्द आठ दिवसांपासून."

"मला का नाही सांगितलं?"

कोंडाबाई म्हणाल्या, "तुमी पाटी लावली की, दादा. गप बसा म्हून."

लुंबिनी खाली बघून म्हणाली, "सर, मी इथं आल्यापासून दिवसभर कुणाशी बोलतच नव्हते. ही वीस मिनिटं बोलायचे. तुम्हाला कळलं असतं तर भांडी कुलपात गेली असती."

आई दम खात बसली होती, कपाळावर घाम, हातात पोचे पडलेला तांब्या. मी म्हणालो, आई, तुझीच उतरंड, आणि तूच खेळायला दिलीस?

"चाळीस महिने ती पडायची वाट बघून राहिले मी, रेणू. ही रोज दहादा पाडते. पडली की आपण पळतो, भिंतीला हात लावतो, परत येऊन रचतो. बस."

हे मला नीट समजलं नाही, पण विचारलं नाही. लुंबिनीची माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या, सर." पत्र लिहू नकोस, असंही सांगितलं. तिनं लिहिलंच नव्हतं.

नोंद: 'पळा' आणि 'पुन्हा'. शब्द दोन. साक्षीदार तीन, शिवाय मी स्वतः.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सात वाजता देविकाचा फोन. आज माझ्याकडे बातमी होती. उर्वीला उचलून हॉलमध्ये आणलं, रिसीव्हर कानाला लावला, कानात म्हणालो, म्हण, पळा. काल पंधरा वेळा म्हणालीस. म्हण.

तिनं मुलांकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. ओठांवर बोट.

"उर्वी, पळा म्हण," मी.

"काय करून राहिले तुम्ही?" तिकडून देविका. "आणि कुजबुजता का आहात अजून?"

मी म्हणालो, ती बोलते, देविका, खरंच बोलते, काल चौघांनी ऐकलं. देविका म्हणाली, "बरं." नांदेड एक्स्चेंजमध्ये लोक खोटं बोलतात तेव्हा ती जसं म्हणत असेल, तसं 'बरं'.

इतका चिडलो की चिडायचं कुणावर तेच कळेना. अंगणात बोलते, हॉलमध्ये बोलत नाही. मूल तेच, भांडी तीच. फोनची वायर अंगणापर्यंत पुरत नाही. लुंबिनीला विचारलं, तुला काय वाटतं? ती पाटीकडे बघत राहिली. मीही बघितलं. अक्षरं चांगली आली आहेत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. रथसप्तमी

बोरन्हाण उद्या दुपारी चार वाजता होईल. बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, गोळ्या आणल्या. हलव्याचे दागिने आईनं केले. गल्लीतली मुलं बोलावली आहेत, आणि अभ्यासिका चार ते साडेचार बंद राहील, असं मुलांना सांगितलं. परीक्षा तोंडावर असताना अर्धा तास! मला वाटलं, कुणीतरी कुरकुर करेल. सगळेच जण, "सर, आम्ही पण येऊ का?" म्हणाले. साडेचार वाजता सगळे जागेवर हवेत, हे मी बजावलं आहे.

कात्रणाखाली मोकळ्या जागेत खुलासा लिहिला: 'या लेखातील आकडा चुकीच्या पद्धतीने छापला गेला. तज्ज्ञ कुणी नव्हता. वाचकांस झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. रेणुकादास.' तीनदा लिहून काढलं, तरी दोन ओळी उरल्या. त्या मोकळ्याच ठेवल्या.

उर्वीचे कपडे आईनंच भरले. पिशवी उचलली तर जड. उघडून बघितलं, तर तळाशी गंज, तांब्या, फुलपात्र, वाटी, चमचा. मी विचारलं, "हे कशाला?"

"नेलीच तर तिकडे लागतील तिला."

"मग तुझ्या उंबऱ्याशी काय ठेवणार?"

"उंबऱ्याशी काय ठेवायचंय? उंबरा राहू दे मोकळा," आई म्हणाली आणि तीळ भाजायला गेली. वयानुसार माणूस विसरभोळा होतो.

भांडी तूर्त पिशवीतून काढून ठेवली आहेत, उद्या लागतील. वाकळ नको, असं आईचं म्हणणं. फरशीवर लावायची, आवाज होऊ दे. अंगणातली फरशी उंचसखल आहे, म्हणून खाली सपाट फळी हवी होती. आईनं हॉलच्या भिंतीवरची पाटी काढून नेली. परीक्षेआधी परत लावावी लागेल. खिळा सापडत नाही.

व्यंकटी शिंप्यांना आणि समोरच्या क्लासला कळवलं आहे की उद्या चारच्या सुमारास भांडी पडतील, ओरडणं होईल, कुणी पळू नये. पळतील ते पळतीलच.

देविकाची बस साडेतीनला स्टँडवर येते. लोह्याला पंक्चर झाली नाही, तर चारच्या आत ती अंगणात असेल. आधी खुलासा वाचून दाखवायचा की आधी उतरंड, हे अजून ठरलेलं नाही. भांडी त्यानंतर पिशवीत जातील की मांडणीवर, ते तीच ठरवेल. देविका येईपर्यंत उतरंड पाडायची नाही, असं उर्वीला आज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, तीन वेळा समजावून सांगितलं आहे. ती थांबेल, अशी चिन्हे नाहीत.